फ्रिज तेवढा सोडून

इन्व्हर्टर पुन्हा कण्हायला लागला, तेव्हा नाना गाडीच्या पायरीवर बसून मटार सोलत होते.

"संध्याकाळपर्यंत सगळंच बसेल," मी म्हटलं. "नाना, फ्रिज बंद करावा लागेल."

नानांनी हातातल्या शेंगेचा शेवटचा दाणा काढला आणि टरफल कागदावर ठेवलं. "बाकी काय हवं ते बंद करा, जावईबापू. फ्रिज तेवढा सोडून."

"अहो, पण सगळ्यात जास्त तोच खातोय."

"खाऊ दे," नाना म्हणाले आणि दुसरी शेंग घेतली.

सासऱ्यांना दरडावण्याची सोय जावयाला नसते.  पुण्यात माझा धंदाच इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचा. गिऱ्हाइकाला मी तोंडावर सांगतो, की एवढ्या बॅटरीवर एवढं चालणार नाही, पटत असेल तर बघा. इथे मात्र शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत बसावं लागत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझे सासरे नाना खानविलकर भूमापन खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं. दोन बाकांचे पलंग, एक ओटा, मागे न्हाणीचा आडोसा, टपावर सोलरचं पॅनल. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता जरा न मोजता बघायच्या आहेत, असं ते म्हणायचे. माझ्या सासूबाई, म्हणजे माई, पहिल्या फेरीला नाक मुरडत निघाल्या आणि परत आल्या त्या पुढची फेरी ठरवूनच. कोकण झालं, कर्नाटक झालं, नर्मदेपर्यंत जाऊन आले दोघं. मग त्या श्रावणात माई गेल्या, अगदी अचानक. दिवाळी होताच नाना एकटेच गाडी घेऊन निघाले. माझी बायको गौतमी त्यांच्यापुढे आडवीच पडायची बाकी होती. शेवटी एका अटीवर तिने सोडलं. रोज फोन करायचा. ज्या दिवशी फोन लागणार नाही, त्या दिवशी माणूस पाठवून घरी आणीन.

आणि फोन लागेना. समुद्रात कुठेतरी वादळ झालं होतं, सगळीकडे मळभ होतं आणि नानांच्या टपावरच्या पॅनलला ऊन मिळत नव्हतं. बॅटरी बसली, फोन बंद पडला. एवढ्यावर भागलं असतं, पण फ्रिज चालावा म्हणून नानांनी इंजिनाची बॅटरीही घरच्या बॅटरीला जोडून टाकली. तीही बसली. आता गाडी सुरूच होईना. पाटणच्या वर, कोयनेच्या पाण्याकाठी, यमुनाबाई शेलारांच्या घरालगतच्या आंब्याखाली ती उभी होती, तिथेच अडकून पडली.

"गाडी ठीक करून ये, नाहीतर नानांना घेऊन ये," गौतमीने मला निघताना सांगितलं होतं. "खरं म्हणजे घेऊनच ये."

तर मी येऊन पोचलो होतो, बरोबर एक भरलेली बॅटरी, मीटर आणि वायरींची पिशवी. आल्या आल्या नानांनी पितळी तांब्यातून ताक ओतून पुढे केलं. "घ्या. यमुनावहिनी रोज सकाळी आणून देतात. इथलं ताक सोसतं मला. दुसरीकडे नाही सोसत." मग म्हणाले, "खरं तर दोन दिवसच थांबणार होतो. पाय निघेना."

ताक खरंच छान होतं. मी दोन पेले प्यायलो, आणलेली बॅटरी इन्व्हर्टरला जोडली आणि कामाला लागलो. इंजिन फिरवण्याइतका जोर तिच्यात नव्हता, त्याला ऊन पडायचीच वाट बघायला हवी होती.

एकेक वायर धरून मीटर लावत गेलो. पाण्याचा पंप बंद केला, बादलीने पाणी भरायचं ठरवलं. दोन पिवळे दिवे काढले. टीव्हीची पिन उपसली. नाना प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते आणि माझी पाठ वळली, की पुन्हा काहीतरी चालू करत होते. जावयाला मॅच बघायची असेल म्हणून टीव्ही. जावयाला हात धुवायला गार पाणी नको म्हणून बादलीत रॉड. हा रॉड मी ताब्यात घेतला आणि सरळ माझ्या पिशवीत टाकला. "नाना, माझा पाहुणचार बॅटरीवर नको," मी म्हटलं. ते ओशाळून हसले.

ड्रायव्हरच्या पाठीमागे माईंचा फोटो होता आणि त्यावर एक इवलासा बल्ब. तो मी मोजला नाही. मोजण्यासारखा नव्हताच, आणि असता तरी मी हात लावला नसता. नानांनीच उठून त्याचं बटण बंद केलं.

"तो राहू दे, नाना. काही खात नाही तो."

"जेवढं वाचेल तेवढं फ्रिजला होईल," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी टोचलं. बायकोच्या फोटोवरचा दिवा घालवतो, आणि फ्रिज सोडत नाही, असं काय आहे त्यात? औषध असेल म्हणावं, तर गौतमीला माहीत असतं. फ्रिज घरगुतीच होता, छोटा. त्याच्यापायी इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवावा लागत होता, आणि इन्व्हर्टर स्वतःचं वेगळं खात होता.

नाना मटाराची टरफलं यमुनाबाईंच्या म्हशीला घालायला गेले. मी फ्रिज उघडला.

आत काहीच नव्हतं. भाजी नाही, लोणी नाही, पाण्याची बाटली नाही. थंडाव्याची कळ पार टोकाला फिरवलेली. मधल्या जाळीवर चिनी मातीचा एक छोटा सट, तोंडाला पांढरा कपडा, वर दोऱ्याच्या दोन गाठी. मी तो हातात घेतला तेवढ्यात पायरी वाजली.

नाना दारात उभे होते. मला वाटलं, रागावतील. त्यांनी फक्त हात पुढे केला, सट माझ्याकडून घेतला आणि पलंगावर बसले.

"माईच्या हातचं विरजण आहे," ते म्हणाले.

मी समोरच्या पलंगावर टेकलो.

"लग्नात माहेराहून घेऊन आली होती. करवंटीत घालून, फडक्यात बांधून. तिच्या आईकडचं, त्याच्याआधी आजीकडचं. ही प्रवासाला निघाली, की कपड्यांच्या आधी हा सट गाडीत चढायचा. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीचं हे. घरी आलो तर ओट्यावर तसंच होतं. तेव्हापासून हात लावला नाही. गाठसुद्धा तिचीच आहे."

बाहेर म्हैस रवंथ करत होती. मी बराच वेळ त्या दोऱ्याच्या गाठींकडे बघत राहिलो. मला स्वयंपाकातलं फार कळतं अशातला भाग नाही, पण माझ्या आईला रोज रात्री दूध कोमट करताना पाहिलेलं होतं.

"नाना," मी म्हटलं, "माई हे रोज लावायच्या ना?"

"रोज. चुकला नाही एकही दिवस."

"मग संपत कसं नव्हतं?"

नाना माझ्याकडे बघायला लागले.

"दही वाढायच्या आधी त्या चमचाभर बाजूला काढायच्या. ते रात्री नव्या दुधाला लावायचं. त्याचं दही, त्यातलं परत चमचाभर. ते रोज लावलं तरच टिकतं, नाना. ठेवून दिलं की..."



"मला वाटायचं, आहे तेवढंच आहे," नाना हळू म्हणाले. "वापरलं की संपलं." त्यांनी सट दोन्ही हातांत धरला. "ती बाजूला काढायची तेव्हा मी बातम्या ऐकत असायचो. इतकी वर्षं रोज तिच्या हातचं दही जेवलो मी. ते होतं कसं, कधी बघितलं नाही." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी जपत होतो, की मारत होतो?"

 मी म्हटलं, "लावून बघू या. गार जागी होतं, जीव असेलही."

दिवेलागणीच्या आत दूध आणायला हवं, नंतर यमुनावहिनी घरातून काही देत नाहीत, असं म्हणत नाना लगबगीने उठले. लोटीभर दूध आणलं. गॅसवर ते तापवलं, निवत ठेवलं, करंगळी बुडवून बुडवून बघितली. गाठी सोडायला त्यांचे हात धजेनात. मी सोडायला पुढे झालो, तर "नको" म्हणाले आणि स्वतःच सोडल्या, दोरा न तोडता. कपडा निघाला. आतलं पिवळट पडलं होतं, कडेने तडकलं होतं, वर पाणी सुटलेलं. वास आला.  चमचाभर दुधात घातलं, ढवळलं. गारठा होता म्हणून भांडं माईंच्या शालीत गुंडाळून पलंगाच्या कोपऱ्यात ठेवलं.

"लागलं, तर सकाळी फ्रिज बंद करा," नाना म्हणाले.

सकाळी त्यांनी शाल सोडली, तेव्हा मी मुद्दामच बाहेर दात घासत उभा होतो. चूळ भरली. मी आत डोकावलो. भांड्यात दूध फाटून पडलं होतं, तळाशी गोळे, वर हिरवट पाणी. सटातल्या उरलेल्यावर तर एव्हाना बुरशीचा ठिपकाही दिसत होता. नानांनी दोन्ही भांडी उचलली, आंब्यामागे नेऊन ओतली, त्यावर माती ओढली आणि हाताने दाबली. सट राखेने घासून स्वच्छ धुतला, पुसला.

"करा बंद," ते म्हणाले.

मी फ्रिजचं बटण बंद केलं, मग इन्व्हर्टरचं. ती घरघर थांबल्यावर कळलं, की कालपासून आपण तिच्यात बसलो होतो. सगळं काम फत्ते झालं होतं आणि मला चोरासारखं वाटत होतं.

"ऊन पडेल आज," नाना वर बघत म्हणाले. "उद्यापर्यंत गाडी चालू होईल ना? घरी जाऊ या, जावईबापू. गौतमीला सांगा, आणतोय म्हणून."

ज्याच्यासाठी मला पाठवलं होतं, ते असं आपणहून हातात पडलं. मला मुळीच बरं वाटलं नाही. हा माणूस घरी येऊन काय करणार, ते मला लख्ख दिसत होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहणार.

यमुनाबाई ताकाचा तांब्या ठेवून गेल्या होत्या. नानांनी त्याला हात लावला नाही. जेवलेही नाहीत. ऊन खरंच पडलं. फ्रिज बंद, इन्व्हर्टर बंद, सगळं ऊन बॅटरीत भरत होतं. तिसऱ्या प्रहरी मी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. नाना कपड्यांच्या घड्या घालत होते, त्यांनी मान वर केली नाही.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा यमुनाबाई तांब्या न्यायला आल्या. चाळिशीची उंच बाई, डोक्यावर पदर, हाताला शेणाचा वास. तांब्या उचलला आणि थबकल्या.

"नाना, भरल्याला तसाच ऱ्हायला की. ताक न्हाई घेतलं?"

"नको वाटलं," नाना म्हणाले. "वहिनी, उद्या निघतो आम्ही. आता परत काही येणं होणार नाही."

"का वं? काय झालं?"

 मग मीच सांगितलं. विरजण, फ्रिज, सट, सकाळचं फाटलेलं दूध. मी सांगत होतो आणि यमुनाबाईंच्या कपाळाला आठ्या पडत चालल्या होत्या. त्यांना काही समजतच नव्हतं.

"आनि गेलं म्हंता?" त्यांनी विचारलं. "कुटं गेलं? माज्या घरात हाय की."

नानांच्या हातातली घडी तशीच राहिली.

"आवं, मागल्या शिमग्याला तुमी दोगं आलावता न्हवं का? माजं इरजान नासलं व्हतं. घरात दूद आनि दही लागंना. तवा माईनीच दिलं, त्याच सटातलं. म्हनाल्या, यमुना, रोज लावत जा, खंड पाडू नगंस. म्या एक दीस खंड पाडला न्हाई. त्येच चालू हाय." त्यांनी तांब्या पुढे केला. "ह्ये रोज सकाळी पिताय त्ये ताक कुनाचं? माईंचंच की. म्हनून तर रोज तांब्या घिऊन येत हुते मी. तुमास्नी ठावं न्हवतं?"

नानांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दुसरीकडे नाही सोसत, इथून पाय निघेना, असं मला सांगणारा माणूस तो हाच. त्यांच्या जिभेला जे कळलं होतं, ते त्यांना कळलं नव्हतं.  त्यांनी धुऊन पुसून ठेवलेला सट उचलला आणि तसेच अनवाणी खाली उतरले.

"वहिनी, द्या थोडं. एवढंसं द्या."

यमुनाबाई दोन पावलं मागे सरल्या. "आत्ता न्हाई, नाना."

"का?"

"तिनीसांज झाली. या वक्ताला इरजान घराभाईर देत न्हाईत. लक्षुमी जाती. माई असत्या तर त्येनीच मला रागं भरलं असतं. सकाळी या, चांगलं घट्ट बघून देते."

नाना सट धरून तिथेच उभे राहिले. साठी उलटलेला तो माणूस लहान पोरासारखा दिसत होता. मला बाईंचा राग आला. रात्रभरात काय बिघडणार होतं, हेही खरं, पण चमचाभर दह्याने कोणती लक्ष्मी जाणार होती, हेही मला कळेना. यमुनाबाईंनाही ते बघवलं नसावं.

"द्याला येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर घरात बसून खायाला कुनी अडवलंय? चला. तुमीबी चला, पावनं."

इतक्या दिवसांत नाना त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते, एकट्या पुरुषाने कुणाच्या घरात कशाला जायचं म्हणून. आज गेले. चुलीशेजारी पाट मांडले. गरम भात, वर दही. नानांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. जेवत राहिले. एवढं सावकाश जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी वाटीत चमचाभर दही उरलं, तेव्हा ते थांबले आणि वाटी बाजूला सरकवली.

"ऱ्हाऊ दिलं का? संपवा की," यमुनाबाई म्हणाल्या.

"हे बाजूला काढलंय," नाना म्हणाले. "लावायला."

यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, चुलीच्या उजेडात नीट दिसलं नाही. "नाना, उष्ट्याचं इरजान लावत न्हाईत. जेवायच्या आदी काडायचं असतं, सोच्छ हातानं."

"आधी काढायचं," नाना म्हणाले. "बरं. आधी." आणि त्यांनी ते चमचाभर दही खाऊन टाकलं.

सकाळी लख्ख ऊन होतं. यमुनाबाईंनी सट भरून दिला, वर आपल्या हाताने कपडा बांधला. नानांनी तीनतीनदा विचारून घेतलं. दूध किती कोमट, चमचा किती, थंडीत कशात गुंडाळायचं, सकाळी ऊन लागेल अशा जागी ठेवायचं की सावलीत. मग गाडीत येऊन माझ्याकडे एक स्टीलचा डबा मागितला, त्यात सटातलं थोडं काढलं आणि झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिलं.

"हे गौतमीला."

"आणि तुम्ही?"

"मी खाली चिपळूणला उतरतो. तिथे माईची मैत्रीण आहे, तिचीही चौकशी करायची आहे. माईने आणखी कुणाकुणाला देऊन ठेवलंय, कोण जाणे." त्यांनी माईंच्या फोटोवरच्या दिव्याचं बटण दाबलं. तो इवलासा बल्ब लागला. मग फ्रिजचं दार उघडून त्यात कपड्यांच्या घड्या रचायला लागले. "याची वायर कायमची काढून टाका, जावईबापू. उगाच माझ्या हातून चालू व्हायचा."

मी वायर काढली.

पाटणला एसटीत बसल्यावर मी गौतमीला फोन लावला.

"नानांना आणतोयस ना?" तिने लगेच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "विरजण आणतोय."

"कसलं विरजण?"

"माईंचं."

पलीकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, फोन तुटला. मी दोनदा हॅलो म्हटलं. डबा मांडीवर होता, त्यावर माझा हात होता. शेवटी तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"दूध तापवून ठेवते," ती म्हणाली. "डबा सरळ धर."